टपालखातं निर्दोष आहे: एमिनेमची ‘द मार्शल मॅथर्स एलपी’ आणि तिच्यातलं ‘स्टॅन’

अमेरिकन रॅपर एमिनेमचा अल्बम: दोन तबकड्या, १८ ट्रॅक, किंमत साडेतीन हजारांच्या वर. यातलं तिसरं गाणं, ‘स्टॅन’, मी पुन्हा पुन्हा लावते आणि हे परीक्षणही बहुतेक त्याच्यावरच खर्ची पडणार आहे. बाकीच्या गाण्यांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय. घाई असेल त्यांनी सरळ तिकडे जावं.

मी टपालखात्यात, सॉर्टिंगला. घरात रॅप आणलं लेकीने. तबकडी तिने मागवली, रेकॉर्ड प्लेअर तिच्या आजोबांचा, आणि ती नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून दोन्ही माझ्या ताब्यात. पार्सल खाजगी कुरियरने आलं होतं आणि कव्हरचा एक कोपरा दुमडलेला होता. त्यावर मी काही बोलत नाही. आम्ही बोललो की लोक आमचीच जुनी प्रकरणं बाहेर काढतात.

अल्बम २३ मे २००० चा. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात साडेसतरा लाखांच्या वर खपला. ‘स्टॅन’ हे गाणं पावणेसात मिनिटांचं, चार कडव्यांचं. पहिल्या तीन कडव्यांत स्टॅन नावाचा चाहता एमिनेमशी बोलतो, चौथ्यात एमिनेम त्याला उत्तर देतो. एवढंच. पत्रांतून गोष्ट सांगणं काही नवं नाही. पण मी रोज पत्रं हाताळते ती पाकिटाच्या बाहेरून. आत काय आहे ते आम्हाला कळत नाही आणि कळायचंही नसतं; आम्हाला दिसतो पत्ता, शिक्का, तारीख. या गाण्यातली गोष्टही मला पाकिटाच्या बाहेरूनच जास्त कळली: काय कधी निघालं, काय पोचलं, काय निघालंच नाही.

सुरुवातीलाच संशय आमच्यावर. स्टॅन म्हणतो, पानगळीच्या दिवसांत दोन पत्रं पाठवली होती, तुला मिळालेली दिसत नाहीत, पोस्टात काहीतरी घोळ झाला असेल. इथे मला हसू आलं. खिडकीवर येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो! पण पुढच्याच दमात तो म्हणतो की कधीकधी मीही पत्ता गिचमीड लिहितो. म्हणजे गडी अजून समजूतदार आहे. मोबाईल, पेजर, घरचा फोन असे तिन्ही नंबर त्याने खाली दिलेत. मैत्रीण गरोदर आहे, मुलगी झाली तर नाव बॉनी ठेवणार आहे. तुझ्या मामाबद्दल वाचलं, वाईट वाटलं. खोलीभर तुझी पोस्टर आहेत. शेवटी सही: तुझा सगळ्यात मोठा चाहता.

एमिनेमची ओळख म्हणजे यमकांचा मारा. एका ओळीत चार-पाच यमकं कोंबून दम न घेता पुढे पळणारा हा माणूस. इथे मात्र त्याने हात आखडता घेतलाय. बॉटम, ऑटम, गॉट एम, प्रॉब्लेम, जॉट एम असं एक यमक तो ओळीमागून ओळ चालवतो, पण इतकं सैल की बोलणंच वाटतं. कारण बोलणारा रॅपर नाही. रॅप ऐकून ऐकून तसं बोलायला लागलेला एक पोरगा आहे. मागे पेन्सिलची खरखर ऐकू येते. खरखर आहे तोवर काळजी नाही, तो लिहितोय.

दुसऱ्या पत्रात सूर बिघडतो. मी रागावलो नाही, असं सांगत तो रागावतो. सहा वर्षांचा धाकटा भाऊ मॅथ्यू, कडाक्याच्या थंडीत चार तास तुझ्या शोबाहेर वाट बघत उभा होता आणि तू नाही म्हणालास. डेन्व्हरला भेटलो होतो, आठवतं? पत्र लिहिलंस तर उत्तर देईन असं म्हणाला होतास. छातीवर तुझं नाव गोंदवलंय. कधीकधी स्वतःला कापून घेतो, किती रक्त येतं ते बघायला. मैत्रीण जळते, कारण मी दिवसरात्र तुझ्याबद्दलच बोलतो. ताजा कलम: आपण एकत्र असायला हवं.

या दोन भेटी माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण चौथ्या कडव्यात एमिनेम लिहितो की थंडीतल्या त्या शोला तू मला दिसलाच नाहीस, चुकून राहून गेलं असेल, मुद्दाम टाळलं असं समजू नकोस. मग भेट झाली की नाही? डेन्व्हरला वचन दिलं होतं की स्टॅनने मनाशीच रचलं? की दिलं होतं आणि देणारा विसरला? गाण्यात याचा निकाल लागत नाही. हजारो माणसांना हात हलवणाऱ्याला एक हात आठवणार नाही आणि ज्याला हात हलवला त्याला दुसरं काहीच आठवणार नाही, दोन्ही खरं असू शकतं. लिहिणाऱ्याने हा तिढा तसाच ठेवला, यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी देते.

तिसऱ्या कडव्यात पेन्सिल गेलेली आहे. पाऊस, काचेवरचे वायपर, गाडीची घरघर. स्टॅन ओरडतोय. सहा महिने झाले, एक शब्द नाही. माझी मागची दोन पत्रं तुला मिळालीच आहेत, पत्ते मी एकदम अचूक लिहिले होते. पहिल्या पत्रातली गिचमीड आठवतेय ना? आता सबब कोणालाच नाही, पोस्टालाही नाही. तो कॅसेटवर बोलत हायवेवरून गाडी हाणतोय, दारू प्यायलाय, आणि मैत्रिणीला बांधून डिकीत टाकलंय. पूल जवळ येतो आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं: अरे, ही कॅसेट पाठवणार कशी? मग टायरचा आवाज, आदळणं, पाणी.

या जागी मी अजूनही थबकते. माणूस मरायला निघालाय आणि शेवटचा विचार टपालाचा आहे. विनोद म्हणावा तर अंगावर काटा येतो.

आता जरा हिशेब मांडू. पहिलं आणि दुसरं कडवं एमिनेमला मिळालंय, कारण त्याचं उत्तर त्यातल्या गोष्टींनाच आहे: बाळाचं नाव, भाऊ, मनगट कापणं. तेव्हा टपालखातं निर्दोष, हे नोंदवून घ्या. तिसरं मात्र पोस्टात पडलंच नाही. उत्तराच्या शेवटी तो सांगतो की दोनेक आठवड्यांपूर्वी बातम्यांत पाहिलं, एकाने दारूच्या नशेत गाडी पुलावरून घातली, डिकीत गरोदर मैत्रीण होती, गाडीत एक टेप सापडली, पण ती कोणासाठी होती ते सांगितलं नाही. म्हणजे त्याने ती ऐकलेली नाही. ऐकलीय फक्त आपण. आमच्या खात्यात न पोचलेलं पाकीट उघडून बघण्याचं काम रिटर्न्ड लेटर ऑफिसचं; पाठवणाराही सापडत नसेल आणि ज्याला पाठवलं तोही, तेव्हाच ते उघडतात. तिसरं कडवं ऐकताना आपण त्या टेबलावर बसलेले असतो. ज्याच्या नावाने कॅसेट होती त्याच्यापेक्षा जास्त आपल्याला माहीत झालेलं असतं, आणि मग चौथं कडवं सुरू होतं.

ते कडवं शांत आहे. पेन्सिल परत आलेली आहे. लवकर लिहिणार होतो, कामात होतो. मैत्रीण गरोदर आहे म्हणालास, कितवा महिना? भावासाठी टोपीवर सही करून पाठवतोय. तू इतका चिडलेला का आहेस? कोणाचा तरी सल्ला घे. तुला आणि तिला एकमेकांची गरज आहे, तिला नीट वागव. एकेक वाक्य मायेचं आणि एकेक वाक्य उशिराचं. असं पत्र आमच्याकडे आलं असतं तर ‘घेणारा इसम मयत’ असा शेरा मारून परत गेलं असतं. लिहिणाऱ्याला ते लिहिता लिहिता कळतं. बातमीतल्या त्या माणसाचं नाव आठवू लागतो, आणि एका शिवीवर गाणं संपतं.

स्टॅन चुकला कुठे? मला वाटतं, ज्यावर कोणाचाच पत्ता नव्हता त्यावर त्याने आपला पत्ता लिहून घेतला. गाणी सगळ्यांसाठी असतात. त्याला ती स्वतःला आलेली पत्रं वाटली. आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं वाटलं. तिसऱ्या कडव्यात तो विचारतो, व्होडका प्यायलोय, गाडी चालवून दाखवू का? हे त्याचं वाक्य नाही. एमिनेमच्याच १९९९ च्या ‘माय नेम इज’मधली ओळ आहे, तिथे ती थट्टेत येते. बॉनी हे नाव ‘९७ बॉनी अँड क्लाइड’मधून आलं, आणि बाईला डिकीत घालून पाण्याकडे नेणंही त्याच गाण्यातून. म्हणजे शेवटापर्यंत स्टॅनकडे स्वतःचं असं काहीच उरलेलं नाही. तो एमिनेमचीच वाक्यं एमिनेमला परत करतोय.

ब्रिटिश गायक फिल कॉलिन्सचा उल्लेखही याच माळेतला. स्टॅन म्हणतो, ते गाणं नाही का, एकजण बुडत होता, दुसरा वाचवू शकत होता पण वाचवलं नाही, फिलने ते पाहिलं आणि नंतर शोमध्ये त्याला गाठलं? तसंच तू मला वाचवू शकला असतास. १९८१ च्या त्या गाण्याचं, ‘इन द एअर टुनाइट’चं, नाव तो चुकीचं सांगतो आणि गोष्टही. ती एक पसरलेली दंतकथा आहे. कॉलिन्सने गाणं लिहिलं ते लग्न मोडण्याच्या काळात. म्हणजे स्टॅन एकट्या एमिनेमलाच चुकीचं ऐकत नव्हता. गाणं म्हणजे घडलेल्या घटनेचा पंचनामा, अशीच त्याची समजूत होती. नाथांनी भारुडात ‘विंचू चावला’ म्हटलं म्हणून कोणी वैद्याला बोलावणं धाडलं नाही. सोंग आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. स्टॅन वैद्याला बोलावणाऱ्यांतला. तो पत्रं लिहितो ती ‘स्लिम’ला, म्हणजे एमिनेमच्या सगळ्यात हिंस्र सोंगाला. उत्तर येतं ते सोंग उतरवून ठेवलेल्या मार्शल मॅथर्सचं, हे एमिनेमचं खरं नाव. दोघांची गाठ पडणार कशी?

पण गायकालाही मी इतक्या स्वस्तात सोडणार नाही. चौथ्या कडव्यात तो म्हणतो, मनगट कापण्याबद्दल मी नुसती गंमत करत होतो. आणि याच अल्बमवर सोळाव्या क्रमांकाला ‘किम’ आहे, ज्यात तो स्वतःच बायकोवर ओरडत, तिला मारत, शेवटी तिला डिकीत टाकतो. त्यात गंमत कुठे आहे ते मला सापडलेलं नाही. स्वतःच्या बायकोचं खरं नाव घेऊन केलेलं गाणं आहे ते. पोरांनी हे खरं मानू नये, असं सांगणारा शहाणा माणूस आणि ते इतकं खरं वाटेल असं गाणारा माणूस एकच. ‘स्टॅन’मध्ये शेवटी खोलीतला एकटा समंजस माणूस तो स्वतः ठरतो, आणि ही सोय त्याने स्वतःच केलेली आहे. शिवाय मैत्रीण. तिला नाव नाही, वाक्य नाही, डिकीतून दबलेली किंकाळी तेवढी. तिच्या पोटातल्या बाळाला नाव आहे, तिला नाही. हे जाणूनबुजून असेल, स्टॅनला ती दिसतच नव्हती म्हणून असेल. तरी ऐकताना मला ते दर वेळी खुपतं.

ध्रुपद ब्रिटिश गायिका डायडोचं. तिच्या ‘थँक यू’ या गाण्याचा सुरुवातीचा भाग द फॉर्टी-फाइव्ह किंग या निर्मात्याने उचलला: चहा गार झालाय, बाहेर पाऊस, खिडकीतून काही दिसत नाही, पण भिंतीवरचा तुझा फोटो पाहिला की बरं वाटतं. मूळ गाणं साधं प्रेमाचं आहे आणि पुढे प्रियकराचे आभार मानतं. इथे ते आभारांच्या आधीच कापलंय. उरतं काय, तर पाऊस, मरगळ आणि भिंतीवरचा फोटो. एक शब्दही न बदलता प्रेयसीचं गाणं चाहत्याचं झालं. पहिल्यांदा मूळ गाणं पुरतं ऐकलं तेव्हा पुढचा आनंदी भाग मला खोटाच वाटला, इतकं या माणसाने ते बिघडवून ठेवलंय. आणखी एक गोष्ट मला फार आवडते: आपलं गाणं असं वापरलंय हे डायडोला कळलं तेही एका पत्राने. ते वेळेत पोचलं.

व्हिडिओत ती मैत्रीण डायडोनेच केली आणि स्टॅन झाला अभिनेता डेवन सावा, केस एमिनेमसारखे पिवळे करून. दिग्दर्शन रॅपर-निर्माता डॉ. ड्रे आणि फिलिप ॲटवेल यांचं. टीव्हीवर दाखवताना तिसऱ्या कडव्यातले तुकडे गाळायचे, त्यामुळे ज्यांनी हे गाणं फक्त तिथे पाहिलंय त्यांनी खरं तर पाहिलेलं नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर समलिंगींविरुद्धच्या ओळींवरून बाहेर निदर्शनं चालू असताना स्वतः समलिंगी असलेल्या गायक एल्टन जॉनने डायडोची जागा घेऊन हे गाणं एमिनेमबरोबर गायलं. अल्बममधल्या त्या ओळी मात्र आजही तशाच आहेत आणि आजही घाणेरड्याच आहेत.

माझ्या लेकीच्या पिढीत ‘स्टॅन’ म्हणजे कट्टर चाहता. इंग्रजी शब्दकोशांतही तो शब्द गेलाय. कोरियन बँडच्या चाहत्या पोरी कौतुकाने स्वतःला स्टॅन म्हणवतात. तिसऱ्या कडव्यापर्यंत किती जणी पोचल्यात देव जाणे.

एमिनेमलाही हे प्रकरण सोडवलं नाही. २०१३ च्या ‘द मार्शल मॅथर्स एलपी २’चं पहिलंच गाणं ‘बॅड गाय’, आणि त्यात कोण येतं तर मॅथ्यू! थंडीत चार तास उभा राहिलेला तो धाकटा भाऊ, आता मोठा झालेला, एमिनेमला डिकीत कोंबून घेऊन निघालाय. पत्रांत सगळ्यात कमी जागा ज्याला मिळाली होती तोच हिशेब करायला आला. सव्वासात मिनिटांचं आहे आणि शेवटी फार समजावून सांगतं, पण मॅथ्यूसाठी ऐकाच.

आणि विटा. अल्बमच्या कव्हरवर डेट्रॉइटमधलं एमिनेमचं लहानपणीचं घर आहे, तो ओट्यावर बसलाय. ते घर २०१३ मध्ये आग लागून पाडलं गेलं. २०१६ मध्ये हाच अल्बम कॅसेटवर पुन्हा काढला आणि त्यासोबत त्या घराच्या विटा चाहत्यांना विकायला ठेवल्या. पुन्हा वाचा: ज्या अल्बमवर चाहत्याची कॅसेट न पोचल्याचं गाणं आहे, तो कॅसेटवर, वर वीट. हे सुचलं त्याला हसू आलं असेल का? माझ्या लेकीला वीट हवी होती. मी म्हटलं, आपल्या गच्चीत उरलेल्या आहेत त्यातली घे.

आता वस्तूबद्दल. तबकडीवर ‘स्टॅन’ पहिल्याच बाजूला येतं. सुरुवातीचा पाऊस आणि सुईची चरचर एकमेकांत इतकी मिसळते की तबकडी खराब आहे असं वाटून मी ती दोनदा पुसली. डायडोचा आवाज सुरुवातीला जुन्या रेडिओतून आल्यासारखा लांबून येतो, तो हेडफोनपेक्षा स्पीकरवर छान कळतो. पेन्सिल मात्र हेडफोनवरच ऐका.

बाकीच्यांत ‘द वे आय ॲम’ हे ‘स्टॅन’चं दुसरं टोक: चाहत्यांनी पिच्छा पुरवलेल्या माणसाचा संताप. दोन्ही पाठोपाठ लावली तर चौथ्या कडव्यातली शांतता किती ओढूनताणून आणलेली आहे ते कळतं. ‘हू न्यू’ ठीक, ‘क्रिमिनल’ चतुर पण द्वेषाने भरलेलं, ‘किम’ मी एकदाच ऐकलं आणि पुन्हा ऐकणार नाही. घरात लहान मुलं असतील तर स्पीकरवर लावायच्या लायकीचं यात जवळजवळ काही नाही. म्हणून कोणी ‘क्लीन’ लिहिलेली आवृत्ती घेईल, तर तीही नको: शब्दांना ठिकठिकाणी कात्री लागलेली आहे आणि ‘किम’च्या जागी ‘द किड्स’ नावाचं वेगळंच गाणं घातलंय. ऑनलाइन मागवताना वर्णनात कोणती आवृत्ती आहे ते नीट बघा, नसेल लिहिलं तर विचारा.

पाचपैकी चार तारे. मधले संवादांचे तुकडे, विशेषतः ‘केन कॅनिफ’, किळसवाणे आहेत, आणि मोबाईलवर ते बोटाने सरकवता येतात. तबकडीवर त्यासाठी खुर्चीतून उठून सुई उचलावी लागते. पाचवा तारा तिथे कापला.